स्वच्छ पाण्यात मासे का मेले?

कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत उभा राहिला, की तो बोनसवर, किमान वेतनावर किंवा भविष्य निर्वाह निधीवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आणि ती रास्त आहे. सुमारे तीस वर्षे आम्ही यंत्रमाग कामगारांत वावरतो आहोत. त्या विषयांवर आम्हाला रात्रभर बोलता येईल. परंतु यंदा चालकांनी आमच्या घरातल्या माशांच्या पेटीवरच बोला, असा आग्रह धरला. त्याला कारणही आहे. आपल्या जुळे सोलापुरात अलीकडे बंगल्याच्या दिवाणखान्यात, फ्लॅटमध्ये, डॉक्टरांच्या दवाखान्यात जिकडेतिकडे अशा काचेच्या पेट्या दिसतात. त्यांतल्या पुष्कळ पेट्या वर्षाच्या आत रिकाम्या होतात, गच्चीवर जातात, आणि मग त्यांत कोणीतरी कोथिंबीर लावतो. मालक म्हणतो, "आमच्या घराला मासे लाभत नाहीत."

मासे लाभणे, न लाभणे हा दैवाचा प्रश्न नाही. तो पाण्याचा प्रश्न आहे, एवढेच आम्हाला आज सांगावयाचे आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीवर थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या टेबलाशी झाले. तेव्हा प्राणिशास्त्राच्या अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा नाही. आम्ही चुका केल्या, चुकांपायी मुके जीव गेले, म्हणून पुस्तके उघडली; आणि पुस्तकात वाचलेले पेटीत ताडून पाहिले. तेवढीच शिदोरी आमच्याजवळ आहे.

आमच्या घरी पेटी आली ती धाकट्या मुलीच्या हट्टाने. एका मोर्चासाठी आम्ही मुंबईस गेलो होतो. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. १९५१ साली उघडलेले ते मत्स्यालय त्या वेळी मुंबई पाहायला येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या यादीत असे. घरी येऊन त्याचे रसभरित वर्णन केले, आणि ते अंगाशी आले. मुलीच्या आठव्या वाढदिवसाला दोन फूट लांबीची पेटी, पांढरी वाळू, प्लास्टिकचे एक जहाज आणि चौदा मासे हे सारे एकाच दिवशी घरात आले.

तिसऱ्या आठवड्यात पाणी किंचित गढूळ दिसू लागले. रविवार होता. आम्ही कंबर कसली. सगळे पाणी ओतून दिले. वाळू कढत पाण्याने खळखळून धुतली. गाळणीतला स्पंज नळाखाली धरून पिळून पिळून पांढरा केला आणि उन्हात वाळवला. काच घासली. नुकत्याच आलेल्या नळाच्या पाण्याने पेटी काठोकाठ भरली. पेटी आरशासारखी झाली. त्याच रात्री चार मासे मेले. बुधवारच्या सकाळपर्यंत आणखी सात गेले. मुलगी रडली नाही. तिने एवढेच विचारले, "बाबा, पाणी घाण होतं तेव्हा जगले, आणि स्वच्छ केल्यावर का मेले?"

मालकांच्या वकिलांना उत्तरे देण्याची आम्हाला सवय आहे. त्या दिवशी आठ वर्षांच्या पोरीपुढे आम्ही निरुत्तर झालो. आजचे हे भाषण म्हणजे तिच्या त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

मासा खातो आणि उत्सर्ग करतो. त्याच्या शरीरातील टाकाऊ नत्र प्रामुख्याने अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे बाहेर पडते. न खाल्लेले अन्न आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनिया म्हणजे काय, हे सांगायला प्रयोगशाळा नको. सार्वजनिक मुतारीत नाकाला झोंबणारा जो वास येतो, तो अमोनियाचा. नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. पन्नास-साठ लिटरच्या पेटीत तो जाणार कोठे? तो साठतो, माशाचे कल्ले जाळतो, आणि मासा आपल्याच उत्सर्गात गुदमरून मरतो. गंमत अशी, की अमोनियाने भरलेले पाणी डोळ्यांना अगदी नितळ दिसते. आपण ज्याला घाण म्हणतो ती दिसते. माशाला जी मारते ती दिसत नाही.

मग पेट्यांतले मासे वर्षानुवर्षे जगतात कसे? कारण पेटीत आणखी कोणीतरी काम करीत असते. वाळूच्या कणांवर, काचेवर, आणि मुख्यत्वे गाळणीच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जीवाणू वस्ती करतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, ते रक्तात शिरले, की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा धापा टाकतो. परंतु जीवाणूंची दुसरी फळी त्या नायट्राइटचे नायट्रेट करते. नायट्रेट पुष्कळच सौम्य असते. थोडे नायट्रेट वनस्पती खतासारखे शोषून घेतात आणि उरलेले आपण आठवड्याला थोडे पाणी बदलून बाहेर काढतो. एकाचे काम संपते तेथे दुसऱ्याचे सुरू होते. गिरणीत सूत कांडीवरून बॉबिनवर आणि बॉबिनवरून मागावर जाते, तसाच हा प्रकार आहे. एक खाते बंद पडले, की सगळी गिरणी अडते.

हे ज्ञान माणसाला कसे झाले, ती कथा मोठी मनोरंजक आहे. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने काचेच्या भांड्यात दोन सोनेरी मासे, एक पाणवनस्पती आणि काही गोगलगाई ठेवल्या आणि त्यांचा मेळ बसतो, पाणी वारंवार न बदलता मासे जगतात, हे १८५० साली जाहीर केले. घरोघरच्या काचपेटीचा छंद तेथून वाढला. मासा जो वायू सोडतो तो वनस्पती घेते आणि वनस्पती जो सोडते तो मासा घेतो, एवढ्यावर सगळे चालते, अशी त्या काळची समजूत होती. ती खोटी नव्हती, पण अपुरी होती. अदृश्य कामगारांचा त्यात हिशेबच नव्हता.

तो हिशेब पुढे जमिनीच्या अभ्यासातून लागला. १८७७ साली श्लेसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच संशोधकांनी वाळूच्या थरातून सांडपाणी सावकाश झिरपवले. प्रथम काही दिवस काहीच घडले नाही. नंतर खालून येणाऱ्या पाण्यातला अमोनिया नाहीसा होऊन त्याचे नायट्रेट झालेले दिसू लागले. मग त्यांनी वाळूला क्लोरोफॉर्मची वाफ दिली. काम ठप्प झाले! क्लोरोफॉर्म काढून घेतल्यावरही ते आपणहून सुरू झाले नाही. ताज्या मातीचे धुवण वाळूत घातल्यावरच पुन्हा सुरू झाले. म्हणजे हे काम निव्वळ रसायनाचे नव्हते, सजीवांचे होते. आणि जुने कामगार मेल्यावर नवी भरती केल्याखेरीज खाते चालू होत नव्हते. आपल्या शहरात जुनी गिरणी उभी राहिली तोच हा काळ. पुढे गंमत पाहा. काचपेटीवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा, तोही रॉबर्टच, इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे शेतीचा शास्त्रज्ञ झाला आणि हे काम दोन टप्प्यांत, दोन निरनिराळ्या जीवांकडून होते, हे त्याने दाखवले. बापाच्या पेटीत जे कोडे होते त्याचा अर्धा उलगडा मुलाने शेताच्या मातीत केला. ते जीवाणू वेगळे काढून दाखवण्याचा मान मात्र १८९० च्या सुमारास रशियाच्या विनोग्राड्स्कीला मिळाला. हा शोध अजून संपलेला नाही. १९९८ साली असे दिसून आले, की गोड्या पाण्याच्या पेट्यांत नायट्राइटचे काम ज्या जीवाणूकडे आहे असे पुस्तके सांगत होती, तो तेथे फारसा नसतोच. ते काम नायट्रोस्पिरा नावाचा दुसराच जीवाणू करतो. आणि २०१५ साली त्याच कुळातले काही जीवाणू दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात, हेही सिद्ध झाले.

आता आमच्या रविवारच्या सफाईकडे परत या. आम्ही काय केले? कढत पाण्याने, उन्हाने आणि नळाच्या क्लोरीनने तीन आठवड्यांत जेमतेम जमलेली सारी वस्ती एका सकाळी मारून टाकली. नव्या पाण्यातल्या क्लोरीननेच कल्ले भाजून पहिले चार मासे गेले. उरलेल्यांना खायला घालत राहिलो, अमोनिया साठत राहिला, आणि तो निस्तरायला पेटीत कोणी शिल्लक नव्हते. आम्ही ज्याला मळ समजून पिळून काढले, तो मळ नव्हता. ते मनुष्यबळ होते. कामगारांचे पुढारी म्हणवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात एवढी मोठी कामगारकपात केली आणि त्याचा त्याला पत्ताही नव्हता!

या एका गोष्टीवरून काचपेटीचे बहुतेक सारे नियम आपोआप निघतात.

पहिला नियम भरतीचा. आपल्या आतड्यातला एखादा जीवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. अमोनियावर जगणारे हे जीवाणू सावकाश वाढतात. दुप्पट व्हायला त्यांना अर्धा ते एक दिवस किंवा त्याहूनही अधिक लागतो. म्हणून नवी पेटी खऱ्या अर्थाने तयार होण्यास साधारण चार ते सहा आठवडे जातात. सबब पेटी आणल्या दिवशी मासे आणू नयेत. पाणी भरावे, गाळणी सुरू करावी, वनस्पती लावाव्यात, आणि माशांच्या दाण्याचे चार कण रोज टाकावेत, म्हणजे ते कुजून जीवाणूंना रोजगार मिळेल. कोणा स्नेह्याकडे जुनी, निरोगी पेटी असेल, तर तिच्या गाळणीतल्या स्पंजाचा तुकडा मागून आणून आपल्या गाळणीत घालावा. दह्याला विरजण लागते, तसे हे विरजण आहे. मग दोन-तीन काटक मासे, पुन्हा पंधरा दिवसांनी दोन-तीन, अशी भरती करावी. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याची थेंबांची पेटी दुकानात मिळते. दोन्ही शून्य दाखवू लागली, की खाती चालू झाली असे समजावे.

दुसरा नियम सफाईचा. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, सगळे कधीही नाही. रबरी नळीने वाळूच्या तळाशी साठलेला गाळ ओढून घ्यावा. गाळणीचा स्पंज महिन्यातून एकदा, काढून घेतलेल्या त्या पेटीच्याच पाण्यात दोन-तीनदा दाबून घ्यावा आणि तसाच परत ठेवावा. नळाखाली धरू नये, साबण तर दूरच राहो. स्पंज तपकिरी राहिला म्हणून गृहिणींनी मनाला लावून घेऊ नये. या सगळ्याला आठवड्याची वीस-पंचवीस मिनिटे पुरतात; काढलेले पाणी कुंड्यांना घालावे, झाडे टवटवीत होतात. मग तुळशीला वेगळे खत लागत नाही.

तिसरा नियम आपल्या गावच्या पाण्याचा. सोलापूरकराला नळ रोज येण्याची सवय नाही. दोन नळांमध्ये काही दिवस जाणे हे आपल्या पिढीने गृहीतच धरले आहे. या गैरसोयीचा माशांना मात्र एक फायदा आहे. नळ आला त्याच दिवशी ताजे पाणी पेटीत घालू नये. क्लोरीन त्यात असतो. तेच पाणी उघड्या पिंपात एक-दोन दिवस राहिले, की क्लोरीन बहुतांशी उडून जातो. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात. पूर्वी फोटोग्राफर वापरीत त्या 'हायपो'चेच ते द्रावण असते. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण क्षार भरपूर असतात. म्हणून एकदम बोअरचे, एकदम नळाचे, असे करू नये. जे घालाल ते सातत्याने घाला.

क्षारांवरून आठवले. उन्हाळ्यात पेटीतले पाणी भराभर आटते, आणि पुष्कळ लोक वरून तेवढेच पाणी ओततात व पाणी बदलल्याचे समाधान मानतात. हे समाधान खोटे आहे. आपला रोजचा माठ पाहा. वर्षभराने त्याच्या अंगावर पांढरी पुटे चढतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. पेटीतही हेच घडते. वरून पाणी घालत राहिलात, तर दर आठवड्याला क्षार वाढतात आणि नायट्रेटही साठत जाते. म्हणून आधी पाव हिस्सा जुने पाणी काढायचे आणि मगच नवे घालायचे.

माठाचा दुसरा धडा याहून मोलाचा आहे. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे काय, ते आपणांस सांगायला नको. पारा चाळिसाच्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत पेटीतले पाणी तेहतीस-चौतीस अंशांवर सहज चढते. अशा पाण्यात माशांवर दुहेरी संकट येते. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांना साडेसात, आणि पस्तीस अंशांना सातच्याही खाली. उलट गरम पाण्यात माशाला प्राणवायू अधिक लागतो. आवक घटते आणि खर्च वाढतो! दुसरे असे, की अमोनियाचा विषारीपणा पाण्याच्या ताप व अल्कधर्मीपणाबरोबर वाढतो. पाणी पंचवीस अंशांचे आणि उदासीन, म्हणजे ७ पीएचचे असेल, तर अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पाणी तीस अंशांचे आणि ८ पीएचचे असेल, तर तोच भाग सात टक्क्यांवर जातो. आपल्याकडचे क्षारयुक्त पाणी बहुधा ७ च्या वरच असते. म्हणून जी हयगय थंडीत खपून जाते, ती मे महिन्यात प्राणावर बेतते.

उपाय माठानेच शिकवला आहे. पाणी उडून जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. पेटीचे झाकण काढून वर जाळी टाकावी आणि एक लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा तिरका ठेवावा. आपली हवा कोरडी असल्याने दोन-तीन अंशांचा उतार सहज मिळतो. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका गुण देत नाही; सोलापूरच्या रखरखीत उन्हाचा हा एक उपयोग आहे. पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून व खिडकीपासून दूर असावी. बर्फ एकदम टाकू नये. तो धक्का माशांना सोसत नाही.

उन्हाळा म्हटला की वीज जाणे आले. पंप थांबला, की पाण्यात हवा मिसळणे थांबते. आणि स्पंजातले जीवाणूही प्राणवायूवरच जगत असल्यामुळे काही तासांत त्यांचीही उपासमार सुरू होते. अशा वेळी माशांना अजिबात खाऊ घालू नये. तांब्याने पेटीतलेच पाणी घेऊन फूटभर उंचीवरून धार धरावी. पाच-दहा मिनिटे असे केले, की तासभराची सोय होते. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात असल्यास उत्तम. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले, तर ते आपल्याला पाहून आनंदले, असे समजू नये. ती हवेसाठी केलेली तक्रार असते. पहाटे ही तक्रार अधिक दिसते. रात्रभर वनस्पतीही प्राणवायू घेतच असतात, देत नसतात. त्यामुळे सूर्य उगवण्यापूर्वी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. उन्हाळ्यात आटलेल्या, शेवाळलेल्या तळ्यांत पहाटे मासे तरंगताना दिसतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

आता पेटीत कोणी नांदावे, हा प्रश्न. आपले सोलापूर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्यांचे गाव आहे. निरनिराळ्या माणसांनी एका आळीत राहायचे तर प्रत्येकाला आपापली जागा मिळावी लागते, हे आपणांस ठाऊक आहे. पेटीतही तसेच. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटीत प्रत्यक्ष साठ-बासष्ट लिटर पाणी राहते. त्यात दहा-बारा लहान मासे पुष्कळ झाले. लहान पेटी सांभाळायला सोपी, हा समज उलटा आहे. पाणी थोडे असले, की चूक पचवायला जागा उरत नाही. काचेच्या गोल भांड्यात मासा ठेवणे तर त्याला पिंपात कोंडण्यासारखे आहे.

आपल्या जड पाण्याला मानवणारे मासे निवडावेत. गप्पी, मोली, प्लॅटी हे पिलांना जन्म देणारे मासे अशा पाण्यात आनंदाने राहतात. गप्पी आपल्या ओळखीचाच. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते तो हौदांत सोडते. त्याचे नाव गप्पांवरून पडलेले नाही. त्रिनिदाद बेटातल्या गप्पी आडनावाच्या गृहस्थाने त्याचे नमुने लंडनला पाठवले, म्हणून १८६६ साली त्याला हे नाव मिळाले. मात्र गप्पीची संतती फार वेगाने वाढते. नुसते नर ठेवले तर कुटुंबनियोजनाचा प्रश्न उरत नाही. आपल्याच देशातला पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा डॅनिओ हा चपळ, काटक आणि भांडणापासून दूर राहणारा मासा आहे. तो सहा-सातच्या थव्याने ठेवावा, एकटा ठेवल्यास तो भेदरतो. सह्याद्रीतल्या कृष्णेच्या उगमाकडच्या ओढ्यांत झेब्रा लोच नावाचा सुंदर पट्टेरी मासा राहतो. बाजारासाठी भरमसाट पकडल्याने आणि ओढे बिघडल्याने तो आता धोक्यात आलेल्या जातींत मोडतो. तो नदीतून पकडून आणलेला असेल तर घेऊ नये. निऑन टेट्रा अॅमेझॉनच्या मऊ, किंचित आम्ल पाण्याचा; आपल्याकडे तो पुष्कळदा टिकत नाही. एंजल मोठा झाला, की लहान टेट्रांना गिळतो. फायटर गप्पींच्या शेपट्या कुरतडतो. गोल्डफिश थंड पाण्याचा आणि भरपूर घाण करणारा. त्याला इतरांत मिसळू नये.

खाण्याविषयी थोडेच सांगतो. दोन मिनिटांत संपेल एवढेच दाणे, दिवसातून एकदा, फार तर दोनदा. आमच्या पाहण्यात उपासाने मेलेले मासे फार थोडे. लाडाने मेलेले पुष्कळ. घरातला प्रत्येक जण येता-जाता चिमूटभर टाकतो आणि 'मी एकट्यानेच टाकले' असे म्हणतो. आमच्या घरी यावर तोडगा म्हणून दाण्याची डबी सौभाग्यवतींच्या ताब्यात दिली आणि माशांना आठवड्याची एकादशी लावून दिली. पंढरपूर जवळ असल्याने त्यांनीही हरकत घेतली नाही.

रोगांपैकी पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सर्वांत जास्त आढळतो. रव्याचे कण चिकटावेत तसे ठिपके माशाच्या अंगावर दिसतात. हा एक सूक्ष्म परजीवी असतो. कातडीखाली असेपर्यंत औषध त्याला पोहोचत नाही. तो गळून तळाशी पडतो, एकाचे शेकडो होतात, आणि ते नवा मासा शोधत पोहू लागतात. तेव्हाच औषधाचा मारा बसतो. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणे चूक आहे. आणखी आठवडाभर ते चालू ठेवावे. आजारी मासा शक्यतो वेगळ्या भांड्यात ठेवून बरा करावा, कारण बाजारात मिळणारे निळे औषध गाळणीतल्या जीवाणूंनाही भोवते. आणि सर्वांत चांगले औषध म्हणजे नवा मासा दोन-तीन आठवडे निराळा ठेवून मगच पेटीत सोडणे.

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काच साफ करणारा म्हणून दुकानात बोटाएवढा काळपट मासा मिळतो. त्याला लोक सकर म्हणतात. आमच्या पहिल्या पेटीत वाचलेल्या तीन माशांत तो एक होता. हा मासा पेटी साफ करीत नाही. थोडे शेवाळ खरवडतो आणि त्याहून अधिक घाण करतो. दोन-तीन वर्षांत तो फूटभर झाला. पेटीत वळता येईना. शेजारच्या एका सज्जनांनी सल्ला दिला, "साहेब, तळ्यात सोडून द्या, पुण्य लागेल."

आम्ही मुलीला सायकलवर घेऊन संभाजी तलावापर्यंत गेलोही होतो. बादली हातात असतानाच वाचलेले एक टिपण आठवले आणि पाय थबकले. हा दक्षिण अमेरिकेचा मासा. अंगावर चिलखत, परांना काटे. आपल्याकडे त्याला खाणारे कोणी फारसे नाही आणि तो घाणेरड्या पाण्यातही तग धरतो. परका मासा एकदा पाण्यात रुजला, की माघारी बोलावता येत नाही. आफ्रिकेतली तिलापिया १९५२ साली भारतात आणली गेली; आज तीच चिलापी म्हणून भीमेच्या खोऱ्यात इतकी रुजली आहे, की भिगवणच्या बाजारात तिची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. चिलापीला निदान भाव तरी मिळतो. अलीकडच्या वर्षांत उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत सकर मासे येऊ लागले आहेत. त्यांना भाव नाही. त्यांच्या काट्यांत जाळे अडकते, फाटते, आणि जाळे दुरुस्त करण्यात त्या माणसाचा दिवस बुडतो. जाळे हे मच्छीमाराचे हत्यार आहे. ते फाटणे म्हणजे विणकराचा माग मोडणे होय. कोणाच्या तरी दिवाणखान्यातून पुण्यकर्म म्हणून सोडलेला मासा दुसऱ्याच्या ताटातली भाकरी काढून घेतो. आणि उजनीचेच पाणी आपल्या नळाला येते, हेही विसरू नये.

आम्ही बादली घेऊन परत आलो. ज्यांच्याकडून मासा घेतला त्या दुकानदाराने तो मोठ्या टाकीसाठी परत घेतला. तेव्हापासून आमचा नियम असा, की जो मासा पुढे केवढा होणार हे ठाऊक नाही, तो घरी आणायचा नाही. आणि आणलेला प्राणी, वनस्पती किंवा गोगलगाय नदी-तळ्यात, नाल्यात सोडायची नाही. परत द्या, दुसऱ्या छंदिष्टाला द्या. पण पाण्यात सोडू नका.

कोणी म्हणेल, हा सुखवस्तू लोकांचा छंद. कामगाराच्या एका खोलीत याचे काय काम? आमच्या ओळखीचा एक टॉवेल विणणारा कामगार बारा तासांची पाळी करून येतो आणि पंधरा मिनिटे आपल्या छोट्या पेटीसमोर बसतो. दिवसभर मागांच्या खडखडाटात कान बधिर झालेले असतात. तो म्हणतो, "येथे काहीच आवाज नाही, तरी सगळे चालू असते." पंधरा मिनिटांची ही विश्रांती कोणाही श्रमणाऱ्या माणसाला परवडावी, असे आम्हाला वाटते.

आमची मुलगी आता नोकरीनिमित्त परगावी असते. तिच्या त्या बुधवारच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला पुढे दिले, ते असे: पाणी घाण होते तेव्हा त्यात काम करणारे होते, आम्ही स्वच्छता केली ती त्यांनाच काढून टाकून. तिने ते पुरते ध्यानात ठेवले आहे. रविवारी तिचा फोन येतो, तेव्हा आमच्या प्रकृतीची चौकशी दुसरी असते. पहिला प्रश्न असतो, "बाबा, स्पंज नळाखाली धुतला नाहीत ना?"